समुद्राला शिवायचा दिवस

शेषाद्रीरावांच्या तंजावरी मराठी घरात समुद्राला शिवायचे दिवस ठरलेले होते. पिंपळाला हात लावायचा तो शनिवारी आणि समुद्राला पर्वकाळी, म्हणजे अमावास्येला, पौर्णिमेला, नाहीतर ग्रहणात. एरवी दोघांनाही लांबून नमस्कार. पिंपळाचं एक बरं असतं, तो आपण होऊन कुणाच्या अंगावर येत नाही. समुद्राला मात्र हा नियम कुणी सांगितलेला नसल्यामुळे शेषाद्रीराव मरीनावर फिरायला गेले की ओल्या वाळूच्या चांगले अलीकडून चालत. आणि त्यांच्या मागून कृष्णवेणीबाई चालत, चपला काढून हातात घ्यायची फार इच्छा असूनही त्या पायातच ठेवून.

लग्न होऊन त्या तंजावरहून चेन्नईत तिरुवल्लिक्केणीला आल्या तेव्हा समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर होता. सगळा संसार त्याच अंतरावर झाला. आडी आणि तै या तमिळ महिन्यांच्या अमावास्येला शेषाद्रीराव किनाऱ्यावर संकल्प सांगायचे, बायकोचं मनगट घट्ट धरायचे, दोघं गुडघाभर पाण्यात बसून तीन बुड्या मारायची आणि घरी पूजेला उशीर नको म्हणून ओल्या लुगड्यानं लगबगीनं माघारी. पुण्य मिळे, मजा राहून जाई. लाटेत बसलेल्या पोरी खिदळताना दिसत, तेव्हा कृष्णवेणीबाई मान वळवून बघत आणि नवरा म्हणे, "समोर पाहून चाल."

त्यांची एकच इच्छा होती. समुद्रात जायचं आणि लवकर बाहेर यायचं नाही. मंत्र नाही, घाई नाही, कुणी मनगट धरलेलं नाही. हाताची बोटं सुरकुतेपर्यंत नुसतं पाण्यात राहायचं. सत्तरी गाठलेल्या बाईनं असलं काही बोलून दाखवलं तर लोक हसतील, म्हणून त्या गप्प होत्या. पण उन्हाळ्यानंतर गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टर सहज म्हणून गेले, "त्यानंतर मात्र समुद्रात वगैरे जायचं नाही हं, लाटेचा झटका वाईट." डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले. कृष्णवेणीबाई घरी येईपर्यंत ऑटोत एक शब्द बोलल्या नाहीत.

बोलल्या त्या सुनेजवळ. सून सावनी सांगलीची, पेरुंगुडीच्या एका आयटी कंपनीत कामाला. पाठीला पत्र्याचा डबा बांधून ती कृष्णेत पोहायला शिकलेली. सासूची इच्छा ऐकून ती हसली नाही. "अम्मा, तुमच्याच नावाच्या नदीत मी पोहायला शिकले. तुम्हाला समुद्रात नाही नेलं तर काय उपयोग?" असं म्हणून तिनं शहराबाहेर ईसीआर या किनाऱ्याच्या रस्त्यावरचं समुद्राला लागून असलेलं एक रिसॉर्ट शोधलं, शुक्रवार ते रविवार.

शेषाद्रीरावांनी नेहमीप्रमाणे आधी नाही म्हटलं. समुद्रासमोर राहायचं आणि समुद्राला शिवायचं नाही, म्हणजे हलवायाच्या दुकानात उपास धरल्यासारखं झालं. पण सावनीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती म्हणाली, "अप्पा, मधे शनिवारी अमावास्या आहे." शेषाद्रीरावांनी चष्मा लावला, पंचांग काढलं, ओळीखालून बोट फिरवलं. खरंच होती. समुद्रतीरी तर्पण करायला मिळणार म्हटल्यावर ते इतके खुश झाले की दर्भ आणि तीळ स्वतःच बांधायला बसले.

तेवढ्या वेळात सासूसुना टी. नगरला जाऊन आल्या. साडीच्या दुकानात गेल्या आणि साडी न घेता बाहेर आल्या, हे त्या दुकानात बहुधा पहिल्यांदाच घडलं असेल. कृष्णवेणीबाईंनी जन्मातला पहिला सलवार कमीज घेतला, गडद निळा. घरी आल्यावर तो बॅगेच्या तळाशी, सोवळ्याच्या लुगड्याखाली गेला. चोरी पकडली जायची भीती नव्हती. शेषाद्रीराव पंचांग सोडून कशातही डोकं घालत नसत.

शुक्रवारी दुपारी सगळे रिसॉर्टवर पोचले. दारातच एका मुलीनं छोटी कागदी छत्री खोचलेलं सरबत पुढं केलं. शेषाद्रीरावांनी त्यात काय काय आहे याची इतकी बारकाईनं चौकशी केली की त्या बिचारीनं शेवटी त्यांना साधं पाणी आणून दिलं. नात सहाना आठ वर्षांची. ती खोलीत जायच्या आधीच पोहायच्या तलावात उतरली आणि तिथून ओरडू लागली, "आजी, वा ना, ये ना! पूल सूपर आहे!" तिचे वडील हरिप्रसाद सुरूच्या झाडाखालच्या झोपाळ्यात आडवे झाले, ते जेवणाची हाक येईपर्यंत उठले नाहीत. बँकेत काम करणारा माणूस आडवा व्हायची संधी सोडत नाही.

कृष्णवेणीबाई मात्र व्हरांड्यात उभ्या राहून समुद्र बघत होत्या. मरीनावर समुद्र आणि त्या यांच्यामध्ये नेहमी शेंगदाणेवाले, घोडेवाले, फुगेवाले असत. इथं मध्ये काहीच नव्हतं. वाळू आणि पाणी. त्यांच्या छातीत धडधडू लागलं, मुलगी बघायला पाहुणे आले होते त्या दिवशीसारखं.

संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर गेले. शेषाद्रीरावांनी कोरड्या वाळूत खुर्ची टाकली. कृष्णवेणीबाई सुनेकडे वळल्या.

"सावनी, तुझ्या फोनांत पाहा बरें. अमावास्या लागली कीं नाहीं?"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. चेन्नईत पंचांगं दोन. एक वाक्य पंचांग, जुन्या सूत्रांवर चालणारं. दुसरं तिरुकणित, आकाशातल्या चंद्राच्या आजच्या हिशेबानं चालणारं. चंद्र दोघांचा एकच, पण तिथी काही तासांच्या फरकानं लागते आणि सुटते. शेषाद्रीरावांचं घराणं वाक्याचं. सावनीचा फोन तिरुकणिताचा.

"लागली की अम्मा, मघाशीच," सावनी म्हणाली.

"ऐकलांत? लागली म्हणते."

"फोनास काय कळतें?" शेषाद्रीराव म्हणाले. "आपलें वाक्य. आपली अमावास्या अंधार पडल्यावर लागते."

"हरीच्या लग्नास मुहूर्त कोणत्या पंचांगाचा घेतलांत? सांगलीवाल्यांच्या. तेव्हां तें चाललें?"

"तें कन्येकडच्यांचा मान म्हणून."

"मग आतां सुनेचा मान राखा."

हरिप्रसाद शहाळं पीत होते. त्यांना ठसका लागला. शेषाद्रीरावांनी मुलाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, मावळतीकडे बघितलं आणि त्यांना वाट सापडली. "सरी, बरें. तिरुकणितानें लागली असें धरूं. पण सूर्य गेला. रात्रीं समुद्रस्नान नाहीं. ग्रहण असेल तरच. फोनांत ग्रहण आहे कां पाहा."

ग्रहण नव्हतं. कृष्णवेणीबाईंनी थोडा विचार केला. मग त्या शांतपणे पुढं गेल्या आणि जिथं ओली वाळू सुरू होते तिथं नेमक्या उभ्या राहिल्या.

"अगो, काय करतेस?"

"कांहीं नाहीं. चुम्मा, नुसती उभी आहें. मी शिवत नाहीं. तो येऊन शिवला तर माझा काय दोष?"

शेषाद्रीराव हा मुद्दा खोडून काढायला खुर्चीतून उठले आणि बायकोच्या शेजारी गेले. शास्त्राचा आधार त्यांच्या ओठांवर आला होता, पण त्याच्या आधी लाट आली. कृष्णवेणीबाईंच्या घोट्यापर्यंत गार फेस चढला आणि त्यांच्या तोंडून लहान मुलीसारखा आवाज निघाला. शेषाद्रीराव मात्र धोतर दोन्ही हातांनी वर धरून, त्यांच्या वयाला अजिबात न शोभणाऱ्या चपळाईनं पार खुर्चीमागं पोचले होते.

"नियम म्हणजे नियम," ते धापा टाकत म्हणाले. कृष्णवेणीबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्यांना वाटलं, या वयातही किती निष्ठा!

सकाळी शेषाद्रीरावांनी किनाऱ्यावर तर्पण केलं. दोन पाहुण्यांनी लांबून फोटो काढले. पिवळा टीशर्ट घातलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला जीवरक्षक तंबी, म्हणजे तिथला एक तरणा पोरगा, हात जोडून बाजूला उभा राहिला. मग स्नान. संकल्प झाला. शेषाद्रीरावांनी बायकोचं मनगट धरलं आणि दोघं गुडघाभर पाण्यात बसली. एक बुडी, दुसरी, तिसरी.

"झालें. चल."

"थांबा हो. पर्व दिवसभर आहे. अजून एक लाट."

"पुरे."

"एकच!" असं म्हणून कृष्णवेणीबाई उठल्या आणि पुढं सरकल्या. मनगट नवऱ्याच्या हातात होतं आणि त्यांनी ते सोडलं नाही, म्हणून तेही मागोमाग ओढले गेले. दोघं मिळून चारदोन पावलं आत गेली. एक बरी उंच लाट आली, कमरेला थडकली, पायाखालची वाळू सरकवून माघारी गेली. कृष्णवेणीबाई खदखदून हसल्या आणि हसत हसत नवऱ्याकडे वळल्या.

शेषाद्रीरावांचे डोळे गच्च मिटलेले होते. ओठ पांढरे पडले होते. आणि तिच्या मनगटावरचा तो हात, जो आपल्याला सांभाळतो असं ती संसारभर समजत आली होती, तो आता बुडणाऱ्याच्या हातासारखा मनगटाला लटकला होता. ते तिला धरून नव्हते. तिच्या आधारानं उभे होते.

"वेणी," ते डोळे न उघडता म्हणाले, "पोदुम, पुरे. बाहेर चल. पाया पडतों तुझ्या."

त्यांनी नवऱ्याला बाहेर आणलं, पंचा दिला, खुर्चीत बसवलं. सहानाला आणि हरीला काहीच कळलं नव्हतं. सावनीला थोडं कळलं असावं, कारण ती चटकन दुसरीकडे बघू लागली.

आधी कृष्णवेणीबाईंना वाईट वाटलं. पण खोलीत जाऊन ओलं लुगडं पिळता पिळता त्यांना राग आला, आणि तो पिळणाऱ्या हातांत उतरला. म्हणजे इतकी वर्षं शास्त्र शास्त्र म्हणून जे ऐकलं ते हे! समोर पाहून चाल, ओल्यांत जाऊं नको, पर्व नाहीं आज! भीती यांची, आणि कोरडी राहिले मी! तरणीताठी होते, गुडघे चांगले होते, समुद्र दारात होता. लुगड्यातलं पाणी संपलं तरी त्या पिळतच होत्या.

नाश्त्याला त्यांनी नवऱ्याचं ताट वाढलं नाही. हा त्यांच्या संसारातला मोठाच उठाव होता. शेषाद्रीराव रिकामी थाळी घेऊन बुफेच्या लांबलचक टेबलाभोवती फिरले. प्रत्येक झाकण उघडून बघत आणि आत कांदा दिसला की दचकून मिटत. अमावास्येच्या दिवशी कांदा कसा चालेल? दोन फेऱ्या मारून ते दहीभात आणि कलिंगडाच्या फोडी घेऊन आले. "आजोबा, एवढंच?" असं तिथल्या वाढप्यानं तमिळमध्ये विचारलं, तेव्हा त्यांनी, "आज असेंच," एवढंच उत्तर दिलं.

मुलं तलावाकडे गेल्यावर ते बायकोसमोर येऊन बसले. बराच वेळ कलिंगडाच्या बिया थाळीच्या कडेला रचत राहिले.

"सहावीत होतों," ते शेवटी म्हणाले. "तंजावुरास, देवळाच्या तळ्यांत पाय घसरला. बुडालों. कुणी तरी शेंडी धरून वर काढलें. त्यानंतर पाणी पाहिलें कीं मला तें तळेंच दिसतें."

"शेंडी धरून?"

"हो."

कृष्णवेणीबाईंनी नवऱ्याच्या गुळगुळीत डोक्याकडे बघितलं. आता हा माणूस बुडाला तर धरायचं काय, असा विचार त्यांच्या मनात आला आणि रागाच्या ऐन भरात त्यांना हसू फुटायला लागलं. त्यांनी ते गालातल्या गालात दाबलं, कारण राग अजून संपलेला नव्हता.

"मला सांगायचें होतें. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीं सांगायचें."

"नव्या बायकोस सांगतात कां, मला पाण्याचें भय आहे म्हणून?"

"मग शास्त्र?"

"शास्त्र आहे की. तें खोटें नाहीं." शेषाद्रीराव खाली बघत होते. "माझ्या सोयीचें निघालें, एवढेंच."

"आणि माझ्या सोयीचें?" त्यांचा आवाज चढला. "मी काय मागितलें? दागिना मागितला? त्या समुद्राच्या दारांत राहिलें जन्मभर आणि एक दिवस पोटभर पाण्यांत बसलें नाहीं. आतां गुडघा कापणार. मग डॉक्टर जाऊं देणार नाहीं. मला आज जायचें आहे. तुम्ही या, नाहीं तर येऊं नका, मला जायचें आहे!"

शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. शेषाद्रीरावांनी शेवटची बी रचली.

"जा," ते म्हणाले. "तूं जा वेणी. सूर्य सुरूच्या झाडांस टेकेपर्यंत आपली अमावास्या आहे. तोंपर्यंत शास्त्राची हरकत नाहीं." मग अगदी हळू म्हणाले, "माझ्याकडून मात्र होत नाहीं."

ऊन उतरल्यावर कृष्णवेणीबाई खोलीतून बाहेर आल्या त्या निळा सलवार कमीज घालून. ओढणी कमरेला बांधलेली, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांना वाटत होतं की सगळं रिसॉर्ट आपल्याकडेच बघतंय. खरं म्हणजे कुणीही बघत नव्हतं, फक्त शेषाद्रीराव बघत होते. ते इतका वेळ बघत राहिले की कृष्णवेणीबाईंनी ओढणी उगाचच दोनदा सोडून बांधली.

"रंग बरा आहे," शेवटी ते म्हणाले.

किनाऱ्यावर सहानानं आजोबांचा हात ओढला. "ताता, तू पण ये! का येत नाहीस? तुला भय आहे काय?"

लहान पोरांचा आवाज कसा असतो, तो नको तिथं खणखणीत निघतो. जीवरक्षक तंबीनं मान वळवली. हरिप्रसादनी मान वर केली. शेषाद्रीरावांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांचं उट्टं काढायचं तर एक शब्द पुरे होता, आणि तो शब्द कृष्णवेणीबाईंच्या तोंडाशी आलाही होता.

"भय कसलें?" त्या म्हणाल्या. "पाण्यांत आम्हांस काय कळणार, तिथी कधीं सुटते तें? किनाऱ्यावर कुणी जाणतें माणूस नको? ताता तिथी राखतात."

हरिप्रसादनी बापाची खुर्ची छत्रीखाली नेऊन ठेवली. शेषाद्रीराव मांडीवर पंचांग घेऊन ताठ बसले. कुलदैवताच्या उत्सवातही त्यांना इतका मोठा मान कुणी दिलेला नव्हता.

आणि कृष्णवेणीबाई समुद्रात गेल्या. एका बाजूला सावनी, दुसऱ्या बाजूला सहाना, पण मनगट कुणी धरलेलं नव्हतं. पहिल्या लाटेला त्या बिचकल्या, दुसरीला त्यांनी पाठ दिली, त्यानंतर त्या लाटांशी बोलू लागल्या. "ये, ये, तूं तर अगदींच बारकी." एक लाट तोंडावर आदळली आणि नाकातोंडात खारं पाणी गेलं. त्या ठसकत, थुंकत, डोळे पुसत सावनीला म्हणाल्या, "सांबारांत मीठ जास्त झालें म्हणून मी तुला उगीच बोलत होतें." सहाना हसून हसून पाण्यात बसली.

"अम्मा, आता पाठीवर झोपा," सावनी म्हणाली.

"पाण्यावर? खुळी कां तूं?"

"माझा हात आहे की खाली. मान सोडा. अंग सैल. मी आहे."

मान सोडायला त्यांना बराच वेळ लागला. बाईच्या जातीला मान ताठ ठेवायची सवय सुटत नाही. पण एकदा सोडली आणि कानात पाणी शिरलं, सगळे आवाज बंद झाले, पाय आपोआप वर आले. गुडघा दुखायचा थांबला. समोर नुसतं आभाळ. खालचा सावनीचा हात कधी निघाला ते त्यांना कळलंही नाही. कृष्णवेणीबाईंना रडू आलं. इतकं सुख झालं होतं की त्याचं दुसरं काय करायचं ते त्यांना सुचेना. डोळ्यांतलं पाणी समुद्रात गेलं, कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता.

किनाऱ्यावरून मधूनमधून वार्ता येत होत्या. "तिरुकणिताची सुटली!" शेषाद्रीराव ओरडले. लगेच पुढं, "पण आपलें वाक्य! आपली आहे!" शुक्रवारी ज्या फोनाला काही कळत नव्हतं, त्याच्याकडेही ते आता हरीला अधूनमधून बघायला सांगत होते. सहाना पाणी पिऊन यायला म्हणून बाहेर गेली आणि तिथंच वाळूचं देऊळ बांधत बसली. सावनी खांद्याभर पाण्यात उभी होती. कृष्णवेणीबाई तरंगायच्या, उभ्या राहायच्या, लाट अंगावर घ्यायच्या, पुन्हा तरंगायच्या.

मग त्यांना पाण्यावर सुरूच्या सावल्या दिसल्या. लांब, बारीक, हलणाऱ्या. त्यांनी मागं वळून बघितलं. सूर्य झाडांना टेकून खाली घसरायला लागला होता. या बाईनं जन्मभर नवऱ्याच्या शेजारी बसून तिथ्या ऐकल्या होत्या; अमावास्या सुटली हे कळायला त्यांना पंचांग नको होतं. त्यांनी बोटांकडे बघितलं. बोटं सुरकुतली होती. अजून मन भरलेलं नव्हतं, पण ठरलं ते ठरलं. त्या किनाऱ्याकडे निघाल्या.

"अहो!" त्यांनी हाक मारली. "सुटली कां?"

शेषाद्रीराव उभे राहिले. त्यांनी पंचांग उघडलं, चष्मा सारखा केला, ओळीवर बोट ठेवलं. कृष्णवेणीबाई पाण्यातूनच बघत होत्या. पंचांग वाचताना नवऱ्याचं बोट कसं सरकतं ते त्यांना पाठ होतं. आज ते बोट एका जागी ठेवलेलं होतं, हलत नव्हतं. ओलीचिंब बायको, कमरेला बांधलेली निळी ओढणी, लाटेनं सुटलेला अंबाडा, एवढं सगळं शेषाद्रीराव चष्म्याच्या वरून बघत होते.

या माणसानं तिथीची कधी पळभरही ओढाताण केली नव्हती. आईच्या श्राद्धाला सख्खा भाऊ गाडी चुकल्यामुळे पोचला नाही, तरी यानं त्याच्यासाठी वेळ पुढं ढकलली नव्हती.

"नाहीं!" शेषाद्रीराव ओरडले. "आहे अजून!"

हरिप्रसादनी हातातल्या फोनाकडे बघून तोंड उघडलं. बापानं त्याच्याकडे एकदा बघितलं, तेव्हा ते मिटलं.

"अम्मा," सावनी कुजबुजली, "पण अप्पा म्हणाले म्हणून तुम्हीच सांगितलंत ना, सूर्य झाडांना टेकला की..."

"गप्प बस ग," कृष्णवेणीबाई म्हणाल्या. "पंचांग त्यांचें आहे."

आणि त्या माघारी वळल्या, आत गेल्या आणि पाठ पाण्यावर टाकली. किनाऱ्यावर जीवरक्षक तंबीनं सगळ्यांना बाहेर काढायला शिट्टी तोंडाशी नेली, तेव्हा शेषाद्रीराव लगबगीनं त्याच्याकडे गेले आणि त्याचा हात धरून त्याला तमिळमध्ये समजावू लागले. तंबी, घाई करू नको, तिथी अजून आहे, मोठं पर्व आहे, म्हाताऱ्या माणसाला सावकाश येऊ दे. तो पोरगा बिचारा एकदा अंधारणाऱ्या समुद्राकडे बघे आणि एकदा या आजोबांच्या पंचांगाकडे.

रिसॉर्टचे दिवे लागले. पाण्यात कानापर्यंत बुडालेल्या कृष्णवेणीबाईंना काही ऐकू येत नव्हतं. पण मान जरा वर केली की प्रत्येक वेळी किनाऱ्यावरून तोच आवाज यायचा, आता थोडा बसलेला, तरी ठाम. "आहे, आहे! सावकाश!"